बाळाचं पहिलं वर्ष: कॅलेंडरच्या चौकटीत काय लिहावं, काय लिहू नये

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशी, सगळं त्याच्या चौकटींत. लेक झाली त्या वर्षी तिच्याही नोंदी तिथेच सुरू झाल्या. ‘आज हसली.’ ‘डाव्या कुशीवर वळली.’ सात महिने मजेत गेले. मग समोरच्या इमारतीतलं तिच्याच वयाचं बाळ रांगायला लागलं आणि मी कॅलेंडरवर काय लिहिलंय ते सोडून काय लिहिलेलं नाही तेच बघायला लागले.

ती रांगलीच नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरली. तेव्हा जे कळलं ते आधी कळलं असतं तर दोन महिन्यांची झोप वाचली असती, म्हणून हा लेख.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचालींच्या नोंदी ठेवून २००६ साली त्या प्रसिद्ध केल्या. भारतातली बाळं दिल्लीची होती. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ निघाला ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५, आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं आणि सतराव्या महिन्यात चालणारं, दोन्ही बाळं ठीकच. शिवाय चार टक्क्यांहून थोडी जास्त बाळं रांगलीच नव्हती. टप्प्याला तारीख नसते, अवधी असतो. कॅलेंडरवर लिहायचं ते झालेल्या गोष्टी लक्षात राहाव्यात म्हणून. पुढच्या महिन्याच्या चौकटीत आधीच ‘बसायला हवी’ असं लिहू नका.

पहिलं काम: वय नीट मोजा

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर टप्प्यांसाठी वय मूळ अपेक्षित तारखेपासून धरायचं. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे लवकर आलं, तर सहा महिन्यांचं झाल्यावर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची. हे गणित साधारण दोन वर्षांपर्यंत करायचं. लसींना मात्र ते लागू नाही, लसी जन्मतारखेप्रमाणेच. हा घोळ फार घरांत होतो.

दुसरी गोष्ट माता-बाल संरक्षण कार्ड. मुलीसाठी गुलाबी आणि मुलासाठी निळा वाढीचा आलेख त्यात असतो, टप्प्यांची चित्रंही असतात. बहुतेक घरांत हे कार्ड लस घेताना बाहेर निघतं आणि परत फाइलमध्ये जातं. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन झालं की त्या आलेखावर ठिपका मारून घ्या. एका ठिपक्यावरून काही कळत नाही. तीन-चार ठिपके जोडून रेघ वर चालली आहे की आडवी झाली आहे, ते पाहायचं.

सव्वा महिना

या काळात टप्पे शोधू नका. बाळ दूध पितं, झोपतं, शी-शू करतं, एवढंच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, सात-आठ टक्क्यांपर्यंत, आणि दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येतं. दूध पुरतंय का, याचं घरच्या घरी उत्तर लंगोट देतात. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय, मग घरातलं कुणी काहीही म्हणो.

गावात आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातून चहा देऊन पाठवू नका, बाळ उघडून दाखवा. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत रुजली ती गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून; त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज देशभर चालतं ते आपल्याकडून गेलंय.

आता मालिशवाल्या मावशींबद्दल. आमच्याकडे साताऱ्याला माहेरी ज्या यायच्या त्यांचा हात खरंच गोड होता. मालिश चांगलीच, बाळाला स्पर्श हवा असतो. पण चार गोष्टी मी पहिल्याच दिवशी सांगून टाकल्या. नाका-कानांत तेल नाही. बेंबीवर काही लावायचं नाही. छाती पिळायची नाही: नवजात बाळाची छाती आईच्या संप्रेरकांमुळे सुजते, ती आपोआप बसते, पिळली तर पू होतो. आणि बाळाला पायाने धरून उलटं करायचं नाही. मावशी म्हणाल्या, “एवढी पोरं न्हाऊ घातली, कुणी शिकवलं नाही मला.” मी म्हटलं, “मावशी, तुमचा हात चांगलाय म्हणूनच तुम्हाला बोलावलं, एवढं माझं ऐका.” पुढचे तीन महिने त्यांनी ऐकलं.

टाळूवर तेल थोपल्याने टाळू ‘भरत’ नाही. ती हाडं वाढून साधारण नऊ ते अठरा महिन्यांत भरते. तेल लावायचं तर हलक्या हाताने लावा, बिघडत नाही. काजळ मात्र डोळ्यांत नको, त्यात शिसं असू शकतं. तीट लावायची हौस तळपायावर भागवा. शेगडीचा धूर बाळाच्या खोलीत नको.

गुटीवर सगळ्यात जास्त वाद होतात. आमच्याकडे सहाण, मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, सगळा सरंजाम आला होता. “अगं, जायफळाचे दोनच वेढे दे, रात्रभर झोपेल,” असं सासूबाई म्हणाल्या. अडचण हीच, की वेढ्यांना माप नसतं, झोप येणं हा जायफळाचा गुंगी आणणारा परिणाम असतो, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही द्यायचं नसतं, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातून बॉट्युलिझम नावाचं गंभीर विषबाधेचं दुखणं होऊ शकतं. मी वाद घातला नाही. पुढच्या लसीला सासूबाईंनाच डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर विचारलं. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, यात घरात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. आजीला दवाखान्यात न्या, ही या लेखातली सगळ्यात उपयोगी सूचना असेल.

या दिवसांत न थांबता दवाखाना गाठायचा तो यासाठी: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, दूध ओढत नाही, श्वास भराभर किंवा छाती आत ओढली जाते, तळहात-तळपायांपर्यंत कावीळ. १०८ला फोन करायला लाजू नका.

दोन ते चार महिने: हसू आणि मान

सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला बाळ तुमच्याकडे बघून हसतं. झोपेतलं हसू वेगळं, ज्याला घरात सटवाई हसवते म्हणतात. हे हसू तुमच्या चेहऱ्याला दिलेलं उत्तर असतं. त्याचा सराव असा: दूध पिऊन तृप्त झालेलं बाळ मांडीवर उताणं घ्या, एक वीत अंतरावर चेहरा आणा, बोला, आणि मग गप्प बसा. ते हुंकार देईपर्यंत थांबा. आपण सगळे बोलत राहतो आणि बाळाला पाळीच देत नाही.

मान धरायला चौथा महिना उजाडतो. त्यासाठी बाळाला पोटावर ठेवायचं. सतरंजीवर घडी केलेली गोधडी टाका, मालिशनंतर आणि अंघोळीआधी बाळ पालथं ठेवा, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दूध पाजल्यावर लगेच नको. रडलं तर तुमच्या छातीवर पालथं घ्या, तेही चालतं. झोपवताना मात्र दर वेळी उताणंच, आणि उशी नाही. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. त्यापेक्षा झोपेत मान आज उजवीकडे, उद्या डावीकडे वळवा. झोळी झोपेपुरती. जागेपणी झोळीत लटकणाऱ्या बाळाला हात-पाय मारायला जागाच उरत नाही.

याच काळात ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी येतात: पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस (जुलाबांवरची). सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला त्यांच्याबरोबर न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) आणि पोलिओचं इंजेक्शन. पेंटाव्हॅलंटनंतर ताप येणं नेहमीचंच, पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनाप्रमाणे तिथेच लिहून घ्या. जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीच्या, म्हणजे क्षयरोगाच्या लसीच्या जागी महिना-दीड महिन्याने फोड येतो, थोडा पू दिसतो. फोडू नका, काही लावू नका. आमच्या आईने त्यावर हळद लावायला घेतली होती.

कान तपासून घ्या. बाळाची कानाची चाचणी पहिल्या महिन्यात, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा डॉक्टरांचा नियम असतो. ताटली वाजवल्यावर दचकलं म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालू नका.

बाबा पाहुणा होऊ नये म्हणून

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. चांगलंच आहे, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर हातात मिळते. पण तिकडे कल्याणला बसलेला बाबा शनिवारी येतो, बाळाला दोन बोटांनी हात लावतो, फोटो काढतो आणि रविवारी परत जातो. तीन महिन्यांनी बाळ घरी येतं तेव्हा त्याला लंगोट बांधता येत नाही, आणि मग वर्षभर ‘तुलाच जमतं ते’ ऐकावं लागतं.

आम्ही उशिरा शहाणे झालो. तुम्ही आधीच वाटणी करा. रविवारची अंघोळ बाबाची. रात्री अकरानंतर दूध पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम बाबाचं. लसीची तारीख बाबाने लक्षात ठेवायची. ‘मदत’ हा शब्द वापरू नका. मदत पाहुणा करतो.

आईकडेही बघा. पहिल्या आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं बऱ्याच जणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही असं असेल तर तो नखरा नव्हे, आजार आहे आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

सहावा महिना: उष्टावण आणि नोकरी एकदम

सहाव्या महिन्याच्या आसपास बाळ पालथं-उताणं होतं, आधाराने बसतं, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेतं, दिसेल ते तोंडात घालतं. पलंगावरून पहिल्यांदा पडतं तेही याच काळात. कडेला उशा लावून भागत नाही, बाळ खाली जमिनीवर आणा.

उष्टावणाचा सोहळा सम-विषम महिना बघून करा, हरकत नाही. पण वरचं अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू झालं पाहिजे, मुहूर्तासाठी आठव्यापर्यंत ढकलू नका. सुरुवात अशी: मऊ वरण-भात कुस्करून, त्यात तूप. दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. अन्न चमचा तिरका केला तरी न ओघळण्याइतकं घट्ट हवं. भाताची पेज आणि डाळीचं पाणी हे अन्न नव्हे, त्याने पोट भरतं आणि वजन वाढत नाही. मग नाचणीचं सत्त्व, मुगाची खिचडी, केळं, उकडलेलं रताळं, शिजवलेलं अंडं, बारीक शेंगदाण्याचं कूट. एक नवा पदार्थ दिला की दोन-तीन दिवस तोच, म्हणजे काही चाळवलं तर कशाने ते कळतं. आठव्या महिन्यापर्यंत दोन-तीन वेळा, नवव्यानंतर तीन-चार वेळा, अर्धी वाटी. मीठ-साखर वर्षापर्यंत नको. आईचं दूध चालूच. लोहाचं औषध सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिली असतं, ते मागून घ्या; शी काळी झाली तर घाबरू नका.

नेमकी याच वेळी रजा संपते. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात, पण त्यातले आठ आधीच घेतले असतील तर हातात अठराच उरतात, म्हणजे चार महिन्यांच्या थोडं पुढे. तारीख मोजून ठेवा. आणखी एक गणित: सात ते नऊ महिन्यांत बाळ माणसं ओळखायला लागतं आणि अनोळखी चेहरा दिसला की आकांत करतं. त्यामुळे सांभाळणाऱ्या ताई किंवा पाळणाघर आधीच ठरवा, दोन-तीन आठवडे तुम्ही घरात असताना त्यांच्याकडे थोडा थोडा वेळ बाळ द्या. मी रजेच्या शेवटच्या दिवशी ताईंना बोलावलं होतं. सोमवारी लोकलमध्ये चढेपर्यंत कानात तिचं रडणंच होतं.

सात ते नऊ: बसणं आणि नावाला वळणं

या महिन्यांत बाळ बसतं, ‘बाबाबा’, ‘दादादा’ म्हणतं, नावाने हाक मारली की वळतं. इथे एक गंमत. डॉक्टरांनी जन्मदाखल्यावरच्या नावाने हाक मारली, आमची लेक ढिम्म. काळजाचं पाणी झालं. घरात तिला पाच माणसं पाच नावांनी हाक मारत होती आणि दाखल्यावरचं नाव त्यात नव्हतंच. ‘चिऊ’ म्हटल्यावर गर्रकन वळली. घरी जे नाव चालतं त्यानेच पाहा.

‘बुवा... कुक’ हा खेळ याच वयाचा. पदराआड गेलेलं माणूस संपत नाही, परत येतं, हे बाळ त्यातून शिकतं. मोबाइल यातलं काही शिकवत नाही. घास भरवताना कार्टून लावण्याची सवय एकदा लागली की सोडवताना नाकी नऊ येतात. आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि जीवनसत्त्व अ. ही भेट चुकवू नका. लस झाल्यावर वही काढून तुमच्या शंका विचारा, डॉक्टर रांगेकडे बघत असले तरी.

दहा ते बारा: चिमूट, बोर आणि पांगुळगाडा

आता बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मुरमुरा उचलतं. बोटांचं हे कौतुक एकीकडे आणि धोका दुसरीकडे, कारण जमिनीवरची प्रत्येक टाचणी, गोळी, बटण त्याला आता उचलता येतं. गुडघ्यांवर बसून एकदा घरभर फिरा, बाळाच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं.

संक्रांत ते रथसप्तमीत बोरन्हाण असेल तर बाळाच्या डोक्यावरून बोरं, हलवा, शेंगदाणे, गोळ्या ओतू नका. नुसते चुरमुरे घ्या आणि लगेच गोळा करा. हलव्याचे दागिने फोटोपुरते. घशात काही अडकून बाळाला खोकता-रडता येत नसेल तर हातावर पालथं, डोकं खाली धरून खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, आणि पुन्हा तेच. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट घालू नका. दुसऱ्याने तोवर १०८ फिरवायचा.

चालवण्यासाठी चाकांचा वॉकर आणू नका. त्यात बसून बाळ तरंगतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि जिन्यावरून किंवा गरम भांड्यापर्यंत क्षणात पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये असे वॉकर विकायला बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा: तो बाळ उभं राहून ढकलतं, स्वतःच्या पायांवर. कडी धरून उभं राहणारं बाळ असेल तर जरूर आणा, पण मागे माणूस हवं.

वर्षाच्या आसपास टाटा करणं, टाळ्या वाजवणं, हवं ते बोटाने दाखवणं आणि अर्थ कळून एखाददुसरा शब्द. घरात मराठी, पाळणाघरात हिंदी असेल तर बिघडत नाही. दोन भाषांनी बाळ मुकं होत नाही.

‘मुलं उशिराच करतात’ हे कधी ऐकायचं नाही

इथे मी कडक आहे. तीन महिन्यांपर्यंत हसत नाही किंवा नजर देत नाही. पाच महिन्यांत मान धरत नाही. चौथ्या महिन्यानंतरही अंगठा आत घालून मूठ घट्ट. वर्षाच्या आत एकच हात वापरतं, दुसरा पडून असतो. दहा महिन्यांत बसत नाही किंवा काही बडबडत नाही. वर्षापर्यंत एकही खूण करत नाही. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते. आणि कुठल्याही वयात, येत असलेली गोष्ट यायची बंद झाली. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ. तुमची लेक बसते, सरकते, दोन्ही हात वापरते, बडबडते आणि फक्त रांगत नाही, तर ती गोष्ट वेगळी.

खर्चाची चिंता असेल तर २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा बाळांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. जाताना कार्ड न्या आणि मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या, कारण घरी जे करतं ते बाळ दवाखान्यात करतच नाही. मी नेला होता तो ढुंगणावर सरकण्याचा. डॉक्टर तो बघून हसले, तिचे पाय, कंबर, पाठ तपासली आणि म्हणाले, अशी मुलं चालतात थोडी उशिरा, दोन महिन्यांनी दाखवा.

पहिल्या वाढदिवसाला तिचं वजन जन्मवजनाच्या जवळपास तिप्पट होतं, उंची ७४ सेंटीमीटर, आणि केक कापताना ती बाबाच्या कडेवर होती. चालली ती पंधराव्या महिन्यात, एका मंगळवारी, फ्रिजपासून ओट्यापर्यंत. त्या चौकटीत माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘चार पावलं’, आणि त्याच्याखाली सासूबाईंच्या अक्षरात, ‘सिलिंडर लावला’.